पाचगणीला राहायला येऊन वर्ष झालं

रानजाई
मागच्या वर्षी इथेच विचारलं होतं की पुणं सोडून पाचगणीला चाललोय, काय काय न्यावं आणि काय टाकून जावं. निम्म्यांनी "हेवा वाटतो" लिहिलं, उरलेल्यांनी "सहा महिन्यांत परत याल" लिहिलं आणि एकाने फक्त "छत्री नेऊ नका" एवढंच लिहिलं होतं. खरं बोलला तो एकटाच. इथला पाऊस वरून खाली पडत नाही, समोरून अंगावर चालून येतो. दोन छत्र्या जूनमध्येच उलट्या झाल्या, तिसरी काढलीच नाही.

तर दसऱ्याला वर्ष झालं. नवऱ्याने व्हीआरएस घेतली, माझं भाषांतराचं काम घरूनच असतं, मुलगा बंगळूरला, आणि सासूबाई ७८ वर्षांच्या, त्यांना पुण्यातल्या धुराचा त्रास व्हायचा म्हणून हा सगळा खटाटोप. घर भाड्याचंच घेतलं आणि आज मला कुणी एकच सल्ला विचारला तर हाच देईन, एक अख्खा पावसाळा भाड्याने काढा मग काय ते ठरवा. आम्ही घर बघितलं सप्टेंबर संपता संपता, स्वच्छ ऊन, खाली धोम धरणाचं पाणी चकाकतंय, त्याच्या मागे कमळगड, आणि हॉलला पश्चिमेकडून जमिनीपासून छतापर्यंत काच. एजंटने पडदा बाजूला सारून अशी काही दाखवली की जणू त्यानेच ती व्हॅली खोदलीय. आम्ही फिदा. तेव्हा हे लक्षात आलं नाही की आजूबाजूच्या एकाही जुन्या घराला पश्चिमेकडे धड खिडकी नाहीये. इथली जुनी घरं पश्चिमेला पाठ करून बसतात. भिंतीला पत्रा मारतात, नाहीतर प्लास्टिकचा कागद, आणि आमची काच जून ते सप्टेंबर नुसती पांढरी! दृश्य शून्य, शिवाय खालच्या फटीतून पाणी आत, त्याला जुने टॉवेल लावायचे आणि दर दोन तासांनी पिळायचे.

पावसाची सवय होते हो. ओलीची होत नाही. जुलैत कपडे वाळत नाहीत, नुसते थंड होतात. नवऱ्याच्या लग्नातल्या बुटांवर हिरवी लव, चष्म्याच्या डबीवर पांढरी, हार्मोनियमची काळी चार दाबली की दाबलेलीच राहते, मिठाचं पाणी, काडेपेटी घासली की गुलाचा लगदा, आणि माझा जाडा शब्दकोश फुगून कपाटात असा अडकला की तो ऑगस्टभर बाहेरच आला नाही, काम तसंच रेटलं. मग कामाला येणाऱ्या मावशींनी दाखवलं, शेगडीत निखारे करायचे, वर बांबूचं मोठं टोपलं उपडं घालायचं आणि त्यावर कपडे पसरायचे. मस्त वाळतात. फक्त सगळ्या घराला धुराचा वास. पुण्याला बारशाला गेले तर जाऊबाई जवळ येऊन म्हणाल्या, काय गं, होळी करून आलीस का?

शेवटी डिह्युमिडिफायर घेतला. नवरा रोज सकाळी त्याची टाकी मापाने मोजायचा, आज साडेतीन लिटर, आज चार. हवेतून! सासूबाई म्हणाल्या, ही श्रावणातली गंगा, आणि ते पाणी तुळशीला घालायला लागल्या. तुळस तशीही कुजलीच.

बाकी थंडी, स्ट्रॉबेरी, वीकेंडचा वैताग हे सगळं आहेच, विचाराल तसं लिहिते.

सह्यवेडा
वा वा, काय नशीब! धुक्यात चहा, हातात पुस्तक... आम्ही इथे हिंजवडीच्या सिग्नलला सडतोय. फोटो टाका.

रानजाई
पुस्तकाचं वर लिहिलंय :) फोटो जुलैचा टाकला तर कोरा कागद दिसेल.

वेण्णाकाठ
ताई रागावू नका पण पाचगणीचा पाऊस हा काय पाऊस आहे का? मी महाबळेश्वरचा, जन्म इथलाच. आमच्याकडे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो, तुमच्याकडे १८ किलोमीटर पूर्वेला त्याच्या निम्मासुद्धा नाही, आणि घाट उतरून वाईला गेलात की हजाराच्याही आत. ढग कोकणातून वर चढतो तो आधी आमच्यावर रिकामा होतो, उरलंसुरलं तुम्हाला. म्हणून तर इंग्रजांना पावसाळ्यात महाबळेश्वरात राहणं जमेना तेव्हा त्यांनी पाचगणी शोधली. चेसनसाहेबाने तिथे बस्तान बसवलं, सिल्व्हर ओक लावले. म्हणजे तुम्ही जिथे कुजताय ती आमची कोरडी जागा आहे!

२०२१ ला २२-२३ जुलैला आमच्याकडे २४ तासांत ५९४ मिमी झाला. पोलादपूरकडे जाणारा आंबेनळी घाट ठिकठिकाणी तुटला होता. त्या रात्री बोललेलं ऐकू येत नव्हतं घरात, पत्र्यावर असा आवाज.

आमचे आजोबा मे महिन्यात कुलुमचं गवत आणून त्याच्या झडपा बांधून घर चारी बाजूंनी झाकायचे, दुकानंसुद्धा. आता प्लास्टिक आलं. गवताच्या आत अंधार व्हायचा पण उबारा असायचा, प्लास्टिकच्या आत घाम येतो भिंतीला. तुमच्या त्या काचेला बाहेरून झडप करून घ्या, कुलुम मिळालं तर उत्तमच.

रानजाई
रागवत नाही, उलट सासूबाईंना वाचून दाखवलं, "कोरडी जागा" ऐकून दहा मिनिटं हसत होत्या. आणि सिल्व्हर ओकचं म्हणाल तर आम्ही वर्षभर पाहुण्यांना "हे इथलं खास झाड" म्हणून दाखवत होतो, मग कळलं ऑस्ट्रेलियाचं आहे. आमच्यासारखंच बाहेरून आलेलं. टीबीचं सॅनेटोरियमही कोरड्या हवेमुळेच इथे निघालं हे वाचलं होतं, पण जुलैत त्यावर विश्वास बसत नाही.

थंडोबा
कोलोरॅडो स्प्रिंग्जहून. आमचं गाव १८०० मीटरच्या वर, म्हणजे तुमच्यापेक्षा पाचशे मीटर तरी उंच, आणि आमच्याकडे बरोब्बर उलटं. ओठ फुटतात, सकाळी नाकातून रक्त, तबल्याची शाई तडकली, पोळ्या दुरडीतून काढेपर्यंत पापड. तुम्ही हवेतून पाणी काढायचं मशीन घेतलं, आम्ही हवेत पाणी घालायचं मशीन घेतलंय. दोन्ही घरांच्या मध्ये एक पाइप टाकूया का?

रानजाई
साडेतीन लिटर रोज देते. कुरिअर तुमचं.

चहाबाज
वाचतोय. मी आणि मिसेस रिटायरमेंटसाठी भिलार नाहीतर खिंगरच्या बाजूला १० गुंठे बघतोय. तीन प्रश्न. जागा घ्यावी का? डॉक्टरांचं काय? आणि माणसं कशी आहेत, मिसळतात का?

गोडवलीकर
जागेचं मी सांगतो. शेतजमीन असेल तर तुमच्या नावावर आधी शेती पाहिजे, शेतकऱ्यालाच घेता येते. दुसरं म्हणजे हा सगळा पट्टा २००१ पासून इको सेन्सिटिव्ह झोन आहे, झाड तोडायचं, डोंगर फोडायचा, बांधायचं, सगळ्याला नियम. एजंट म्हणेल "होऊन जातं साहेब". होऊन जातं आणि मग एक दिवस जेसीबी येतो. ज्याने होऊन जातं म्हटलं तो तेव्हा फोन उचलत नाही.

आणि आता बोलतोच. पुण्यामुंबईच्या लोकांच्या असल्या पोस्टी वाचून बरं वाटत नाही. माझ्या भावाचं लग्न ठरलं, त्याला दोन खोल्या भाड्याने मिळेनात कारण ज्याच्या त्याच्या खोलीला होमस्टेची पाटी. एका शनिवारी जे मिळतं ते भावाला महिन्याला परवडत नाही. आणि पाणी. एवढा पाऊस पडून एप्रिल मे मध्ये आमच्या आया टँकरची वाट बघतात आणि शेजारी बंगल्यात स्विमिंग पूल भरलेला. तुम्हाला ओल जास्त झाली, आमच्याकडे मे महिन्यात या.

रानजाई
गोडवलीकर, खरंय तुमचं. ह्यात मला काही सफाई द्यायची नाहीये. आमचं घरही आधी एका शिक्षकांनी भाड्याने घेतलेलं होतं हे आम्हाला चार महिन्यांनी कळलं, घरमालकाने आम्ही जास्त देतोय म्हणून त्यांना सोडायला लावलं. ते आता रोज वाईहून घाट चढून येतात. बाजारात दिसतात, हसतात, मला कुठे बघावं कळत नाही. एप्रिलमध्ये नळाला पाणी एक दिवसाआड झालं तेव्हा नवरा म्हणाला असं कसं, एवढा पाऊस पडतो ना? तर मावशी म्हणाल्या, "पडतो की. पन खाली पळतो. ठिवायचा कुटं?" वेण्णा तलावातून महाबळेश्वर आणि पाचगणी दोघांनाही प्यायचं पाणी, आणि मेमध्ये तर गावात जितकी माणसं राहतात त्याच्या कितीतरी पट गाड्या उभ्या. बाकी सगळं डोंगराच्या दोन्ही अंगांनी उतरून जातं, कृष्णा म्हणून आणि कोयना म्हणून.

चहाबाज, डॉक्टरांचं. रोजच्या खोकल्यातापाला गावात सोय आहे. मोठं काही झालं तर वाई किंवा सातारा, आणि वाटेत पसरणी घाट. तो दिवसा काहीच नाही, पाऊण तासात पार. ऑगस्टमधली एक रात्र सांगते.

अकरा वाजता सासूबाईंना धाप लागली. उठून बसल्या, बोलता येईना, ओठ निळसर. त्यांचे डॉक्टर वाईचे, फोनवर म्हणाले लगेच घेऊन या. लाईट गेलेली, गाडी काढली, आणि गाव संपल्यावर जे धुकं लागलं ते मी आयुष्यात पाहिलेलं नाही. हेडलाईट लावला की समोर पांढरी भिंत, बंद केला की काळी. नवरा खिडकीतून डोकं बाहेर काढून चालवतोय, मी मागे त्यांना धरून बसलेय, आणि आम्ही चालण्याच्या वेगाने चाललोय. पहिल्या वळणाला नवऱ्याने ब्रेक मारला आणि म्हणाला मला रस्ता कुठे आहे तेच कळत नाहीये. आमचा आवाज बंद. फक्त आईंचा श्वास.

मागून भाजीचा एक टेम्पो आला. पोरगा असेल विशी-बाविशीचा, खाली उतरला, काचेवर टकटक केली, आत बघितलं, आणि नवऱ्याला म्हणाला, "काका, तुमी रस्त्याकडं बघूच नका. माझ्या मागच्या लाईटीकडं बघा. ती डावीकडं गेली की तुमी डावीकडं." बास. पुढे गेला आणि आम्ही त्या लाल ठिपक्याच्या मागे. एका ठिकाणी ठिपका थांबला, आम्ही थांबलो, दोन मिनिटांनी परत निघाला. नंतर कळलं रस्त्यावर दरड आली होती थोडी, तो दगड बाजूला करत होता. वाईला दवाखान्याच्या दारापर्यंत आणून सोडलं. नवरा पैसे काढायला लागला तर म्हणाला, "फरसबी हाय वो मागं, मार्केटला वेळ होतोय," आणि गेला. नंबर घेतला नाही, नाव विचारलं नाही, टेम्पोच्या मागे काय लिहिलं होतं तेही आठवत नाही. दीड तास त्या टेम्पोकडे बघत होतो आणि लाल लाईट सोडून काहीही आठवत नाही.

आई आता बऱ्या आहेत. ऑक्सिजनचं छोटं मशीन घरी आणलंय, त्यासाठी वेगळा इन्व्हर्टर. पण हे चहाबाज तुम्ही आणि मिसेस बसून नीट बोलून घ्या. दोघांपैकी गाडी कोण चालवतं, धुक्यात चालवता येते का, आणि चालवणाराच आजारी पडला तर काय.

कृष्णाकाठ
वाईकर. त्या घाटात आमच्या बाजूने चढताना आपण ढगात शिरतो ती एक नेमकी जागा असते, तिथे काच खाली केली की गारवा तोंडावर आपटतो, लहानपणी आम्ही भावंडं त्यावर पैज लावायचो. पण रात्री नको रे बाबा. ताई, पोरगा आमच्याच भागातला असणार, भाजीवाले सगळे तेवढ्याच वेळेला उतरतात. विचारतो.

रानजाई
विचारा प्लीज. भेटला तर जेवायला बोलवायचंय.

बोकोबा
ओलीवर सगळे तुटून पडलेत पण वीकेंडचं कुणी विचारलं नाही. मी मागच्या डिसेंबरला आलो होतो. सुरूर फाट्याला आत वळलो आणि महाबळेश्वरला पोचायला साडेपाच तास. म्हटलं इथे राहणारे वेडे होत असतील.

रानजाई
त्या साडेपाच तासांत तुम्ही होतात होय, तुमच्यामुळेच आम्हाला दूध मिळालं नाही त्या दिवशी :)

इथे राहायला लागल्यावर आठवडा उलटा होतो. सोमवार ते गुरुवार गाव आपलं. शुक्रवारी दुपारी भाजी, दूध, गॅस, औषधं, पेट्रोल सगळं उरकायचं आणि दार लावून बसायचं ते रविवार संध्याकाळपर्यंत. युद्धाची तयारी असते तशी. थंडीत वेण्णा लेकच्या काठाला एखाद्या पहाटे गवतावर आणि गाड्यांच्या टपावर दव गोठतं. टीव्हीवाले लगेच "महाबळेश्वरचं काश्मीर झालं" म्हणून दाखवतात, आणि पुढच्या शनिवारी सगळा महाराष्ट्र तो बर्फ बघायला घाटात. बर्फ सकाळी आठलाच गेलेला असतो. आमच्या घरी येणाऱ्यांचा पहिला प्रश्न टेबललँड कुठे, दुसरा तो क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, त्याची शाळा कुठे, तिसरा स्वस्त स्ट्रॉबेरी कुठे.

पण एक सांगू, टेबललँडवर मंगळवारी सकाळी साडेसहाला जा. घोडेवाले नाहीत, भेळवाले नाहीत, नुसता सपाट जांभा, वारा, आणि कडेला गेलं की खाली ढगाचं दूध भरलेलं. सासूबाई सोडून आम्ही दोघं आठवड्यातून दोनदा जातो. नवरा बँकेत ३१ वर्षं होता, मंगळवार सकाळ म्हणजे काय हे त्याला इथे आल्यावर कळलं. एकदा तिथून उतरताना वळणावर गवा उभा होता, गाडीएवढा. आम्ही थांबलो, तोही थांबला. त्याने आमच्याकडे असं बघितलं की तुमचं इथे काय काम? वीस मिनिटांनी स्वतःच्या मर्जीने गेला.

मिसळण्याचं, चहाबाज. लोक चांगले आहेत पण घाई नाही कुणाला. पहिले सहा महिने आम्ही "बंगल्यातली माणसं". मग शेजारच्या शेतात स्ट्रॉबेरीच्या तोडणीला दोन बायका कमी होत्या तेव्हा मी गेले. सोपं नाही हं ते. पहाटे फळ गार असतानाच तोडायचं, बोट फळाला लावायचं नाही, देठ नखाने खुडायचं, वाफ्यांच्या मधून वाकून वाकून. दोन तासांत कंबर गेली माझी. शेतमालकीणबाई काही बोलल्या नाहीत, माझी अर्धी पाटी बघून त्यातली दाबलेली फळं वेगळी काढली, ती एका टोपलीत घालून माझ्या हातात दिली, "ही जामला". म्हणजे ही मुंबईला जायच्या लायकीची नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून मला "बंगल्यातली" म्हणायचं बंद झालं, "जामवाल्या काकू" झालं. अजून तेच आहे.

वेण्णाकाठ
हाहा. जामवाल्या काकू! हे नाव आता जन्मभर.

गोडवलीकर
ताई, मी जरा तोडून बोललो वर. शेतात गेलात हे माहीत नव्हतं. दाबलेली फळं सगळ्यांचीच होतात पहिल्यांदा, माझ्या वहिनीची अजून होतात. पण पाण्याचं आणि खोल्यांचं बोललो ते मागे घेत नाही.

रानजाई
घेऊ नका.

चहाबाज
मिसेसनी धागा वाचला. घाटाचं वाचून गप्प झाली. मग म्हणाली आपण वाईत बघूया का, कृष्णेच्या काठी. वर फिरायला जाऊ. कृष्णाकाठ, व्यनि (खाजगी निरोप) करतो.

कृष्णाकाठ
करा की. वाईत पण पावसाळ्यात नदीच्या फार जवळ नका बघू, घाटावरच्या देवळांत पाणी शिरतं. एवढं सांगून ठेवतो, मग म्हणू नका.

थंडोबा
आणि रानजाई, तुमचं ठरलं का? राहणार की परत?

रानजाई
घरमालकाने अजून एका वर्षाचा करार पुढे केलाय. आम्ही म्हटलं सही करतो, पण त्या काचेच्या बाहेर झडप आणि आत अर्ध्या उंचीपर्यंत भिंत पाहिजे. तो म्हणतो, अहो व्ह्यू जाईल! नवरा म्हणाला, जाऊ दे. दोघं अडून बसलेत. दुसरं घर बघतोय तेवढ्यात, डांडेघरच्या बाजूला एक जुनं कौलारू आहे, पश्चिमेला एकही खिडकी नाही, सासूबाईंना बाहेरूनच आवडलं. त्याच्या मालकीणबाईंनी मात्र अजून हो म्हटलेलं नाही. आधी विचारलं किती माणसं, किती पाणी लागतं. मी आकडा सांगितला तर म्हणाल्या जास्त आहे.

बरं, आज चार दिवसांनी कडक ऊन पडलंय. सगळ्या गाद्या, उशा, शब्दकोश, हार्मोनियम गच्चीवर टाकलंय. जरा बघून येते.

वेण्णाकाठ
हार्मोनियम उन्हात नको, सावलीत वाऱ्याला ठेवा, लाकूड तडकेल. आणि गाद्या चारच्या आत उचला काकू. इकडून निघालंय धुकं.